दाट वस्तीतली साथ: ताप लपवावा लागू नये म्हणून काय करायचं?

साकव

नमस्कार मंडळी,

दाट वस्तीत साथ शिरली की सगळीकडून एकच विचारणा सुरू होते, "वस्ती सील कधी करताय?" मला त्याआधी एक दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. या वस्तीत ज्याला आज ताप आलाय तो ते कोणाला सांगेल? आणि सांगितल्यावर त्याचं काय काय जाईल?

जगात शंभर कोटींहून जास्त माणसं झोपडपट्ट्यांत राहतात. एका खोलीत पाच-सहा जण, संडास सार्वजनिक, पाणी ठराविक वेळेला आणि तेही रांगेत. अशा घराला "आजाऱ्याला वेगळ्या खोलीत ठेवा" असं सांगून काही उपयोग नाही, कारण दुसरी खोलीच नाही. म्हणजे तिथे साथ रोखायची तर रुग्ण लवकर सापडायला हवा, आणि तो लवकर सापडतो ते त्याने किंवा शेजाऱ्याने सांगितलं तरच. पण ज्याचा रोज बुडतो तो पॅरासिटामॉलची गोळी घेऊन कामावर जातो. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही गेलो असतो.

दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा.

ऑगस्ट २०१४, लायबेरियाची राजधानी मनरोव्हिया. समुद्रात शिरलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्यावर वेस्ट पॉइंट नावाची झोपडपट्टी आहे. इबोलाची साथ होती. तिथल्या एका शाळेत संशयित रुग्णांसाठी केंद्र उघडलं आणि शहराच्या इतर भागांतले रुग्णही तिथे आणले. वस्तीला कोणी नीट विचारलं नव्हतं. १६ ऑगस्टला जमाव आत घुसला, रुग्ण पळाले, गाद्यासुद्धा उचलून नेल्या गेल्या. चार दिवसांनी सरकारने पोलीस आणि सैन्य लावून, काटेरी तारा टाकून सगळी वस्ती बंद केली. आत खाण्याचे हाल, किमती चढल्या, चकमकीत गोळीबार झाला आणि १५ वर्षांचा एक मुलगा गेला. पैसे चारून लोक बाहेर पडतच होते. ३० ऑगस्टला नाकेबंदी उठवावी लागली. पुढे काम मार्गी लागलं ते वस्तीतल्याच माणसांना घरोघर फिरायला आणि संपर्क शोधायला लावल्यावर.

दुसरं धारावीचं. १ एप्रिल २०२० ला पहिला कोविड रुग्ण. सुमारे अडीच चौरस किलोमीटरमध्ये साडेआठ ते दहा लाख माणसं. सुरुवातीला पीपीई घालून घरोघर तपासणी केली, पण त्या उकाड्यात ते फार दिवस चालणं शक्यच नव्हतं. मग गल्ल्यांच्या तोंडाशी तापाची शिबिरं लागली. तिथलेच खासगी डॉक्टर पुढे आले, ज्यांच्याकडे लोक वर्षानुवर्षं जात होते. शाळा, सभागृहं आणि क्रीडासंकुलात विलगीकरण झालं. तिथे जेवण होतं, औषध होतं, डॉक्टर होते. सार्वजनिक संडास दिवसातून अनेकदा निर्जंतुक होत होते. १० जुलै २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं.

तिथेही बंदी होती, पोलीस होते, हे मान्य. पण ताप सांगणाऱ्याला सांगून काहीतरी मिळत होतं, हा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो. देवीच्या रोगाच्या शेवटच्या टप्प्यात भारताने हेच केलं होतं. रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस ठेवलं होतं आणि ते वाढवत वाढवत १,००० रुपयांपर्यंत नेलं. त्या काळात ही मोठी रक्कम होती.

इथे प्रत्यक्ष काम केलेले सदस्य आहेत हे माहीत आहे. तुमच्या अनुभवात ताप बाहेर कसा येतो, आणि कशामुळे लपतो?

---

आरोग्यसेविका_ताई

साकव, बरं झालं हा धागा काढलात. मी वस्त्यांमध्ये सर्वेक्षणाचं काम करते.

दार वाजवून "घरात कोणाला ताप आहे का?" विचारलं की उत्तर "नाही" येतं. दहातली नऊ दारं "नाही" म्हणतात आणि आतून खोकल्याचा आवाज येत असतो. म्हणून आम्ही पाण्याच्या वेळेला नळावर जाऊन उभ्या राहतो. तेव्हा बायका एका जागी असतात, हंडे रांगेत असतात, बोलायला वेळ असतो. तिथे तापाचं नाव काढायचं नाही. "आज तुमच्या ओळीतलं कोण पाणी भरायला आलं नाही?" एवढंच विचारायचं. लगेच कळतं. "अमकीची सून दोन दिवस दिसली नाही, पोरगीच येते हंडा घेऊन." पाणी गेलं की सगळ्या कामाला निघून जातात, मग दुपारी कितीही दारं वाजवा.

लोक का लपवतात तेही सांगते. मरणाची भीती शेवटी येते. आधीच्या भीती अशा: मला नेलं तर पोरांना कोण बघणार? खोली बंद राहिली तर सामान जाईल. भाड्याची खोली असेल तर मालक सोडायला सांगेल. कामावरून काढतील. आणि गल्लीच्या तोंडाशी सायरन वाजवत गाडी आली की अख्ख्या वस्तीला कळणार, मग पोरांशी कोणी खेळत नाही.

यातल्या निम्म्या गोष्टी बिनपैशाच्या आहेत. गाडी मोठ्या रस्त्यावर उभी करा, सायरन बंद ठेवा, रुग्णाला चालवत न्या. दारावर कागद चिकटवू नका. दाखल झालेल्या माणसाला रोज संध्याकाळी घरी फोन लावू द्या. एका घरातला माणूस बरा होऊन परत आला की त्या ओळीतली पुढची तीन-चार घरं आपणहून बोलतात, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

---

मधली_सुट्टी

ताई, डोळे उघडणारा प्रतिसाद. एक शंका आहे. सगळं नीट समजावूनही एखादा ऐकतच नसेल तर? त्याच्या एकट्याच्या हट्टापायी शंभर जणांना लागण होऊ द्यायची का? कुठेतरी सक्ती लागणारच ना?

---

आरोग्यसेविका_ताई

मधली_सुट्टी, असे असतात, पण ऐकून वाटतं तितके नसतात. पोलिओच्या मोहिमेत डोस झालेल्या घरावर खडूने "पी" लिहायचो आणि राहिलेल्या घरावर "एक्स". संध्याकाळी सगळी एक्स घरं काढून बघितली की बहुतेकांची कारणं साधी निघत. मूल झोपलं होतं, आई कामावर होती, घराला कुलूप होतं. खरोखर नकार देणारी थोडीच, आणि त्यांच्याकडे पुन्हा मी जाऊन काही व्हायचं नाही. त्यांच्या मशिदीतले मौलवी, मंडळातलं कोणी, नाहीतर त्या बाईचं बाळंतपण केलेली सुईण गेली की काम व्हायचं. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. पोलीस पाठवून ते झालेलं नाही.

---

स्टेथो

वस्तीलगत दवाखाना चालवतो, त्यामुळे माझी बाजू मांडतो.

साथीची पहिली बातमी सरकारी दवाखान्यात पोचत नाही. ती आमच्यासारख्या छोट्या दवाखान्यांत आणि मेडिकलच्या काउंटरवर येते. एका संध्याकाळी एकाच गल्लीतले चार जण जुलाबाचं औषध मागायला आले तर औषधवाल्याला कळलेलं असतं. पण त्याने ते कोणाला सांगायचं? फॉर्म भरायला त्याला वेळ नाही, आणि कळवलं तर चौकशी मागे लागेल ही धास्ती.

यावर चालणारी पद्धत साधी आहे. वस्तीतले सात-आठ दवाखाने आणि दोन-तीन मेडिकल धरायचे. रोज रात्री प्रत्येकाने तीनच आकडे पाठवायचे: ताप किती, जुलाब किती, अंगावर पुरळ किती. नावं नकोत, पत्ता फक्त गल्लीपुरता. आकडा नेहमीपेक्षा दुप्पट दिसला की पालिकेचा माणूस सकाळी त्या गल्लीत हजर हवा. हे शेवटचं झालं नाही तर डॉक्टर आठवड्याभरात आकडे पाठवणं बंद करतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

मात्र सगळ्या रोगांना एकच पद्धत लावू नका. गोवर घ्या. एक रुग्ण १२ ते १८ जणांना गोवर देऊ शकतो, आणि पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच तो पसरवत असतो. पुरळ बघून संपर्क शोधायला निघालात तोवर तो अख्ख्या गल्लीत पोचलेला असतो. तिथे लस हाच उपाय, आणि ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस हवेत. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवर उसळला तेव्हा ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यायचं ठरलं, आणि जिथे अगदी लहान बाळांनाही लागण होत होती तिथे ६ ते ९ महिन्यांच्या बाळांनाही. कोविडच्या काळात ज्यांचे डोस हुकले होते, तीच मुलं सापडत होती. आणि गोवर झालेल्या प्रत्येक मुलाला जीवनसत्त्व अ चे दोन डोस, लागोपाठ दोन दिवस. वर्षावरच्या मुलाला २ लाख युनिट, ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला १ लाख. कुपोषित मुलांत यामुळे डोळे वाचतात आणि जीवही वाचतो. साथीच्या गडबडीत हेच नेमकं राहून जातं.

---

नळजोड

पाणीपुरवठ्यात नोकरी झाली. ताप लपतो तसं पाणीही लपवतं, म्हणून लिहितोय.

वस्तीतले अर्ध्या-पाऊण इंची जोड बहुतेक ठिकाणी गटाराच्या कडेने, कधी थेट गटारातून जातात. दुसरी जागाच नसते. पाणी चालू असतं तोवर आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त, त्यामुळे गळती असली तरी पाणी बाहेर जातं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, दाब उलटा होतो आणि त्याच भोकातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी पाणी आलं की ते आधी तुमच्या हंड्यात. त्यात कोणी थेट लाइनवर पंप लावला की ही ओढ चालू पाण्यातही होते. पंप लावणाऱ्याला दोष देऊन भागत नाही, कारण शेवटच्या घरांना त्याशिवाय पाणीच चढत नाही.

म्हणून जुलाबाची साथ आली की आमची पहिली धाव लाइनच्या शेवटच्या नळाकडे हवी. टाकीवर क्लोरीन बरोबर असतो, तिथला कागद नेहमी स्वच्छ. खरी गोष्ट टोकाला कळते. पाण्यातला क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टची छोटी बाटली घ्या, पहिल्या पाण्याचा नमुना घ्या, थेंब टाका, पिवळा रंग येतो का बघा. रंग लगेच वाचायचा, रेंगाळलात तर घाणीत अडकून गेलेला क्लोरीनही रंग दाखवतो आणि फसगत होते. मग दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा नमुना. पहिला कोरा आणि दुसरा पिवळा आला तर गळती जवळच आहे समजा. टोकाला एरवी लिटरमागे ०.२ मिलीग्रॅम तरी क्लोरीन हवा, साथीच्या दिवसांत ०.५. प्रयोगशाळेचा जंतूंचा अहवाल यायला दिवस-दोन दिवस जातात. तोवर थांबायचं नाही, ती लाइन बंद करून टँकर लावायचा आणि खोदायला सुरुवात करायची.

लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो या डॉक्टरांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढायला लावला तेव्हा पटकीचा (कॉलराचा) जंतू कोणालाच नीट ठाऊक नव्हता. मेलेल्यांची घरं नकाशावर मांडली आणि ती त्या पंपाभोवती गोळा झालेली दिसली. वस्तीचा हाताने कागदावर काढलेला नकाशा आणि त्यावर जुलाबाच्या घरांचे ठिपके, हे आजही सगळ्यात उपयोगी हत्यार आहे. ठिपके एका नळखांबाभोवती जमले तर पाणी, सगळीकडे विखुरले तर दुसरं काही.

अजून एक, पाणी रोज पुरेसं येत नाही म्हणून लोक पिंपात साठवतात. झाकण नसलेल्या पिंपात एडिस डास आठ-दहा दिवसांत तयार होतो आणि डेंग्यू सुरू होतो. मग धुराची गाडी फिरते. त्या धुराने उडते डास काही वेळ कमी होतात, पिंपातल्या अळीला काहीही होत नाही. आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून घासायचं, असं सांगायला आम्ही जातो. पण पुन्हा भरायला पाणी कधी येणार हे सांगता येत नसेल तर ते कोण ऐकेल?

---

सरासरी

चर्चा चांगली चालली आहे, पण मूळ धाग्यातल्या एका गोष्टीवर थांबायला हवं. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणीचं सर्वेक्षण झालं. त्यात झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांत कोविडची प्रतिपिंडं (अँटिबॉडी, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण) सापडली, बाहेरच्या इमारतींत सुमारे १६ टक्के. त्या तीन वॉर्डांत धारावी नव्हती, हे खरं. तरीही चित्र स्पष्ट आहे. दाट वस्त्यांत विषाणू बहुतेक घरांत जाऊन आला होता आणि नोंदलेले रुग्ण म्हणजे त्यातला अगदी लहान हिस्सा. मग "साथ रोखली" असं म्हणायचं का? रुग्णसंख्या उतरली ती उपायांनी किती आणि लागण होऊन गेल्यामुळे किती, हे वेगळं काढता येत नाही.

---

साकव

सरासरी, हा आकडा धाग्यात यायलाच हवा होता, आभार. धारावीबद्दल "रोखली" हा शब्द मी वापरला नाही आणि वापरणारही नाही. सार्वजनिक संडास असलेल्या वस्तीत श्वासातून पसरणारा विषाणू थांबवणं जवळपास अशक्यच होतं.

पण म्हणून तिथलं काम वाया गेलं असं मला वाटत नाही. लागण झालेला माणूस वेळेत सापडला, ऑक्सिजन मोजला गेला, गरज पडली तर खाट मिळाली, तर तो वाचतो. वस्तीत तरुण जास्त होते, म्हणूनही मृत्यू कमी झाले असणार. उरलेला फरक वेळेत पोचण्याचा आहे. पटकीत तर हे अगदी उघड दिसतं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे सलाइन पुरेसं नव्हतं. त्यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत तयार ठेवलं आणि नातेवाइकांच्याच हातांनी पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. छावणीतली गर्दी तीच, चिखल तोच, लागणही चालूच होती.

---

कडुनिंब

माफ करा, पण सगळे मूळ मुद्दा टाळताय. या वस्त्या आहेत तोवर रोग येतच राहणार. पाडा, पक्की घरं बांधून द्या, विषय संपला. बाकी सगळी मलमपट्टी आहे.

---

जुनी_दप्तरं

कडुनिंब, पक्की घरं हवीत याबद्दल कोणाचं दुमत नसावं. पण "पाडा" हे आधी करून झालं आहे, म्हणून थोडा इतिहास.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर सरकारने जे केलं ते बहुतेक भीतीपोटी केलं. घरं झडतीला घेतली, रुग्णांना ओढून नेलं, गटारांत कार्बोलिक हे जंतुनाशक ओतलं. ऑक्टोबरमध्येच गिरणी कामगारांच्या जमावाने ऑर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. शहर ओस पडू लागलं, काही महिन्यांत जवळपास निम्मे लोक निघून गेले आणि प्लेग त्यांच्याबरोबर गावोगाव गेला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला. पुण्यात सोल्जरांच्या झडत्या आणि २२ जूनला रँडवर झालेला गोळीबार, हे आपण शाळेत शिकलो. त्या झडत्यांमुळे लोक रुग्ण लपवू लागले, प्रेतंसुद्धा लपवू लागले, हे मात्र शाळेत कोणी सांगत नाही. मार्च १८९८ मध्ये मुंबईत एका घरातल्या आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली आणि मग कुठे सक्ती सैल झाली. एकेका समाजाने स्वतःची प्लेग रुग्णालयं उघडली होती. सरकारी रुग्णालयाला घाबरणारे लोक तिथे आपणहून जात होते.

त्याच काळात पुण्याबाहेर ससाणे यांच्या माळावर सावित्रीबाई फुले आणि त्यांचा मुलगा डॉ. यशवंत यांनी दवाखाना चालवला. सावित्रीबाई रुग्णांना स्वतः आणत होत्या. त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्या दारात आल्या तर रुग्णाला कोण लपवेल?

आता पाडण्याबद्दल. १८९८ मध्ये मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला आणि दाटीच्या चाळी पाडायला सुरुवात झाली. सुरुवातीच्या वर्षांत पाडलेल्या खोल्या बांधलेल्यांपेक्षा जास्त होत्या. उठवलेले लोक कामापासून लांब जाऊ शकत नव्हते, ते शेजारच्या चाळींत शिरले आणि तिथली दाटी वाढली. उंदरांवरच्या पिसवा प्लेग पसरवतात हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. पाडापाडीत आणि गटारं धुण्यात उंदीर मात्र शेजारच्या घरांत पळत होते.

---

पानगळ

जुनी_दप्तरं, +१. पक्क्या घरांबद्दल अलीकडचं एक उदाहरण आहे. मुंबईत गोवंडी-मानखुर्दकडच्या पुनर्वसन इमारतींचा अभ्यास झाला. एकमेकींना खेटून उभ्या इमारती, मध्ये तीन मीटरचं अंतर, खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही. तिथे क्षयरोगाचं प्रमाण भयंकर निघालं, आणि मोकळ्या रचनेच्या जवळच्याच वसाहतीत बरंच कमी. क्षयाचा जंतू हवेत तरंगतो, उन्हाने मरतो, वाऱ्याने विरतो. खिडकीसमोर भिंत उभी केली तर घर कितीही पक्कं असो, तो तिथेच राहणार. कडुनिंब, तुमच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, पण घराबरोबर खिडकीबाहेरची मोकळी जागाही मागा.

---

कडुनिंब

पानगळ, जुनी_दप्तरं, तीन मीटरची गोष्ट माहीत नव्हती, वाचून अस्वस्थ झालो. तरीही विचारतो, तोवर काय? घरं व्हायला वीस वर्षं लागणार.

---

नळजोड

कडुनिंब, तोवर गटार आणि संडास. कराचीत ओरंगी नावाची अफाट वस्ती आहे. १९८० मध्ये समाजसेवक अख्तर हमीद खान यांनी तिथे काम सुरू केलं. गल्लीतल्या लोकांनी स्वतः वर्गणी काढून घरातला संडास आणि गल्लीचं गटार बांधायचं, मोठी मुख्य गटारं सरकारने बांधायची. मजूर, मोजमाप, पाइप सगळं गल्लीच बघायची, तांत्रिक सल्ला प्रकल्पाचा. सरकारी अंदाजाच्या कितीतरी कमी खर्चात हजारो गल्ल्यांत गटारं झाली आणि ती टिकली, कारण तुंबलं तर कोणाला बोलवायचं ते गल्लीला माहीत होतं.

आणि वस्ती न पाडता शहर बदलू शकतं. सुरतेत सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची घबराट झाली, लाखो लोक शहर सोडून पळाले. १९९५ मध्ये आयुक्त म्हणून एस. आर. राव आले. रोजचा कचरा रोज उचलणं, अधिकाऱ्यांनी सकाळी कचेरीत न बसता रस्त्यावर असणं, वस्त्यांत फरशी, नळ आणि संडास. दोन-तीन वर्षांत देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरांत सुरतेचं नाव आलं.

संडासाचा सरकारी निकष ३५ पुरुषांमागे एक आणि २५ बायकांमागे एक सीट असा आहे. तेवढा तरी पाळा, आत पाणी आणि दिवा द्या, साफ करणाऱ्याला महिन्याचा पगार वेळेवर द्या. जुलाबाच्या साथी तिथेच निम्म्या होतील असं माझं मत आहे.

---

आरोग्यसेविका_ताई

संडासातल्या दिव्याबद्दल लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. अंधार पडल्यावर मुली संडासला जात नाहीत, आणि जावं लागू नये म्हणून दुपारपासून पाणी पीत नाहीत. अशा मुलीला जुलाब लागले तर तिचं काय होतं ते मी बघितलंय.

आणि एक आमच्यासाठी. साथीत आम्हाला "योद्धा" म्हणतात आणि साथ संपली की मानधन तीन-तीन महिने अडकतं. ज्या बाईला स्वतःच्या घरात आजार न्यायची भीती आहे, जिला रजा नाही, तिच्याकडून "आजारी असाल तर घरी थांबा" हा सल्ला वस्तीने कसा ऐकायचा? आम्हाला मास्क द्या, बूट द्या, आजारपणाची भरपगारी रजा द्या. वस्तीला रोजाची भरपाई द्यायची असेल तर सुरुवात आमच्यापासून करा.

---

स्टेथो

ताई, शंभर टक्के सहमत.

लसींबद्दल थोडं राहिलं होतं. पटकीची तोंडाने घ्यायची लस वस्तीत फार कामाची आहे, सुईची गरज नाही, एका दिवसात गल्ली उरकते. ढाक्यात मिरपूरच्या दाट वस्तीत तिची मोठी चाचणी झाली. पण जगभरचा साठा अपुरा पडला. ऑक्टोबर २०२२ मध्ये साथीत दोनऐवजी एकच डोस द्यायची पाळी आली. विषमज्वरासाठी (टायफॉइडसाठी) नवी लस आहे, २०१८ मध्ये नवी मुंबई पालिकेने तिची मोहीम केली. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात हैदराबादला २०१६ पासून जवळपास सगळ्या नेहमीच्या औषधांना दाद न देणारा विषमज्वर पसरला, तोही सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून. त्यामुळे ही लस आता चैनीची राहिलेली नाही. मात्र लस घेतली म्हणून पाइप तसाच ठेवायचा नाही.

---

मधली_सुट्टी

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. एक अगदी व्यवहारातलं विचारते. मी ज्या मंडळात काम करते तिथल्या वस्तीत उद्या सकाळी एका गल्लीत पाच-सहा घरांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर पालिका येईपर्यंत आमच्यासारख्यांनी काय करायचं?

---

स्टेथो

मधली_सुट्टी, आधी पाजायला सुरुवात करा, कारण नंतर शोधा. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पिण्याच्या पाण्यात, चोवीस तासांत संपवा, उरलं तर फेका. पाकीट नसेल तर एका लिटरमध्ये साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा चमचा, चमचा चहाचा. मीठ जास्त पडू देऊ नका. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने. बाळाचं अंगावरचं दूध बंद करू नका. मुलांना झिंक १० ते १४ दिवस. भाताच्या पेजेसारखे पांढरट जुलाब, खोल गेलेले डोळे, ओढल्यावर जागेवर न जाणारी कातडी, लघवी बंद, यातलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी रुग्णालय, वाटेतही पाजत राहा. धडधाकट मोठा माणूस पटकीने काही तासांत जातो, म्हणून "रात्रभर बघू" नको. जुलाब थांबवायच्या गोळ्या मुलांना अजिबात देऊ नका.

---

नळजोड

आणि पाण्याचं मी सांगतो. त्या गल्लीला ताबडतोब सांगा, नळाचं पाणी उकळल्याशिवाय किंवा क्लोरीनची गोळी टाकल्याशिवाय प्यायचं नाही. गोळी टाकून अर्धा तास थांबायचं, पाणी गढूळ असेल तर आधी फडक्याने गाळून घ्यायचं. माठात हात बुडवून पाणी काढू नका, ओगराळं वापरा. आजाऱ्याचे कपडे नळखांबाजवळ धुऊ देऊ नका. संडासात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाका आणि बाहेर साबण बांधून ठेवा.

मग कागदावर गल्ली काढा, जुलाबाच्या घरांवर ठिपके द्या, प्रत्येकाला विचारा की काल पाणी कुठून भरलं आणि बाहेर कुठे काय खाल्लं. पहिल्या पाण्याची एक बाटली, क्लोरीन टाकण्याआधीची, नाव आणि वेळ लिहून बाजूला ठेवा. आमचा माणूस आला की आधी नकाशा द्या, मग ती बाटली. त्याचे चार तास वाचतात.